फेणी वारसा असेल, पण मैदानावरचा फलक कोणाचा?

खेळांना दारू आणि फास्ट फूडच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व नको, या मागणीला उत्तर म्हणून आयपीएलचा मोसम आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर नेमाने फिरू लागतो. दारू आणि फास्ट फूडच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला तर खेळ बुडतील. दारूच्या जाहिरातीला आधीच बंदी असल्याने ओरड व्यर्थ आहे. जाहिरात पाहून कोणी प्यायला लागत नाही. आणि फेणीच्या गोव्याला हा सोवळेपणा शोभत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

खेळ बुडण्याची भीती तंबाखूच्या वेळीही घातली गेली होती. 1996 चा क्रिकेट विश्वचषक विल्स या सिगारेटच्या नावाने झाला आणि भारतीय संघाच्या सदऱ्यावरही तेच नाव होते. 2001 मध्ये जाहिरातबंदीच्या विधेयकाची चाहूल लागताच विल्स बनवणाऱ्या आयटीसीने प्रायोजकत्व सोडले, त्या जागी सहारा कंपनी आली, आणि त्यानंतर भारतीय क्रिकेट किती गरीब झाले हे सांगायला नको. ऑलिंपिकशी 1976 पासून जोडलेली मॅकडोनाल्ड्स 2017 मध्ये बाहेर पडली, तरी स्पर्धा थांबल्या नाहीत. आपल्याकडे धेंपो फुटबॉल क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते मुख्यतः खाण आणि जहाज व्यवसायातील घराण्याच्या बळावर. अर्थात असे घराणे प्रत्येक वाड्यावरच्या क्लबच्या पाठीशी नसते, आणि लहान क्लबांची अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1987 मध्ये तंबाखूवरील अधिभारातून निधी उभारला आणि क्लबांना तंबाखू कंपन्यांच्या जागी त्यातून प्रायोजकत्व दिले. दारूवर अबकारी कर घेणाऱ्या गोवा सरकारला हा मार्ग अवघड का वाटावा?

बंदी आहे, हे कागदावर खरे आहे. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांनी दारूची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात रोखली, म्हणून कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, पाणी आणि संगीताच्या सीडी बाजारात आणल्या. बंगळूरच्या आयपीएल संघाचे नावच एका व्हिस्कीवरून आले आहे. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिराती मना केल्या, तरीही मार्च 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याला त्या थांबवण्यासाठी आयपीएलला पत्र लिहावे लागले. बंदी पुरेशी असती तर पत्राची गरज पडली नसती.

जाहिरात पाहून कोणी पीत नाही, हे विधान पन्नाशीच्या माणसापुरते कदाचित टिकेल. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 13 दीर्घकालीन अभ्यास आणि 38,000 हून अधिक तरुण यांचा विचार झाला होता. त्यांपैकी 12 अभ्यासांत दारूच्या जाहिरातींचा संपर्क आणि पिण्यास लवकर सुरुवात होणे किंवा अधिक पिणे यांचा संबंध आढळला. गोव्यात दारू पिण्याचे कायदेशीर वय 21 आहे आणि फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागारात वडिलांच्या शेजारी दहा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. त्याच 2022 च्या तत्त्वांनी चिप्स आणि शीतपेयांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांतून वगळल्या. मात्र फुटबॉलचा सामना कायद्याच्या लेखी मुलांचा कार्यक्रम ठरत नाही. 2001 मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली, पण नियमातली अशी फट प्रत्येक खेळाडूच्या विवेकाने कशी बुजावी?

राहिली फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिची विक्री बंद करा असे कोणी म्हणत नाही. आयपीएलच्या पडद्यावर ज्यांची नावे झळकतात त्या बड्या मद्य कंपन्या आहेत, सत्तरी-पेडण्याच्या काजूच्या भट्ट्या नव्हेत. वाइनचा वारसा मिरवणाऱ्या फ्रान्सने 1991 मध्येच मद्य कंपन्यांचे क्रीडा प्रायोजकत्व बंद केले. 1998 चा फुटबॉल विश्वचषक त्याच कायद्याखाली तिथे भरला आणि यजमानांनीच जिंकला. हायनेकन या बिअरच्या नावाचा रग्बीचा ‘हायनेकन कप’ मात्र त्या देशात ‘एच कप’ या नावाने खेळवावा लागला.