ईमॅक्सने मिठाची गुळणी का धरावी?

प्रत्येक प्रोजेक्टची शिस्त वेगळी. लिनक्स कर्नलच्या सी कोडमध्ये इंडेंटला, म्हणजे ओळ आत सरकवायला, टॅबच लागतो, तोही आठ अक्षरं रुंद. पायथनवाले पेप ८ ही त्यांची नियमावली पुढे करून चार स्पेस मागतात, आणि आमची जावास्क्रिप्टची टीम दोन स्पेसवर अडून बसलेली. एडिटरनं फोल्डर बघावं आणि तिथले नियम पाळावेत, यापलीकडे माझी काहीही मागणी नाही. मी वापरते त्या ईमॅक्स या एडिटरमध्ये ही सोय २००९ सालच्या २३व्या आवृत्तीपासून आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी डिर-लोकल्स नावाची फाइल ठेवायची, तिच्यात मोडचं (म्हणजे त्या त्या भाषेसाठीच्या ईमॅक्सच्या रूपाचं) नाव आणि त्याच्यापुढे सेटिंगची व्हेरिएबल्स लिहायची, झालं काम. प्रत्यक्षात आज पुन्हा माझा अर्धा दिवस या फाइलनं गिळला.

फाइल लिस्प या ईमॅक्सच्या कंसांनी भरलेल्या भाषेत लिहावी लागते म्हणून मी चिडलेली नाही. कंस मोजायची सवय आहे मला. मी चिडलेय ती या गोष्टीवर, की सेटिंग लागलं नाही तर ईमॅक्स मिठाची गुळणी धरून बसतं. कंस चुकला तर निदान खाली एक ओळ झळकून जाते. पण कंस बरोबर, नाव बरोबर, आणि तरीही ओळ लागू झाली नाही, तर कुठेही अवाक्षर नाही.

आजचंच घ्या. ऑफिसच्या मशीनवर उबुंटू २४.०४ आहे, त्यात ईमॅक्स २९.३ येतं. या २९व्या आवृत्तीत ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या लायब्ररीवर चालणारे नवे मोड आले आणि मी पायथनसाठी पायथन-टीएस-मोड चालू केला. त्या दिवसापासून डिर-लोकल्समधलं पायथन-मोडखालचं एकूण एक सेटिंग मेलं. का? तर २९मध्ये नवा मोड जुन्या मोडचा वंशज मानलाच जात नाही. दोघांचा बाप पायथन-बेस-मोड, त्याच्या नावाने लिहिलं असतं तर लागलं असतं! हे फाइल उघडताना सांगायला काय जातं? समोर पायथनची फाइल आहे, डिर-लोकल्समध्ये पायथन-मोडची नोंद आहे, आणि मध्ये बसलेल्या प्रोग्रॅमला दोन्ही दिसताहेत. ३०व्या आवृत्तीत हे सुधारलं, नवे मोड जुन्यांची मुलं म्हणून जाहीर झाले. पण सीच्या बाबतीत दुखणं अजून तसंच आहे. इंडेंट किती हे ठरवायला जुना मोड सी-बेसिक-ऑफसेट बघतो, नवा सी-टीएस-मोड-इंडेंट-ऑफसेट बघतो. म्हणजे नोंद जुळेल, किंमत व्हेरिएबलमध्ये जाऊन बसेल, आणि कोड मात्र नव्या मोडच्या मूळच्या दोन स्पेसनंच सरकेल. पुन्हा सगळं शांत.

आणि आता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात वेनव्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन. याच्याइतकी साधी गरज दुसरी नाही: प्रोजेक्टच्या फोल्डरात वेनव्ह आहे, त्यातला पायथन वापर. डिर-लोकल्स फाइल त्याच फोल्डरात, वेनव्हच्या शेजारी पडलेली असते. तरी तिला 'मी जिथे आहे तिथून' असं म्हणता येत नाही! अख्खं ईमॅक्स लिस्पवर चालतं, कळफलकावरचं प्रत्येक बटण म्हणजे एक फंक्शन, आणि नेमकी ही एक फाइल दिसते लिस्पसारखी पण चालवली जात नाही. किमतीच्या जागी फंक्शन लिहिलं तर ते जसंच्या तसं, कंसांसकट, यादी म्हणून व्हेरिएबलमध्ये जाऊन पडतं. बाकी सगळीकडे लागतं म्हणून हाताला सवय असलेलं अवतरणचिन्ह टाकलं, तर तेही किमतीचाच भाग होतं. मग उरतं काय? एक तर होमपासूनचा पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे फाइल कमिट करून टीमच्या सामायिक कोडमध्ये टाकली की टीममधल्या बाकी सगळ्यांकडे ती निरुपयोगी. नाहीतर इव्हॅल, म्हणजे 'हा कोड चालव' अशी नोंद, लिहा, त्यात लोकेट-डॉमिनेटिंग-फाइल बोलवा, ते वर वर चढत जाऊन डिर-लोकल्सच शोधून काढणार, आणि मग त्या पत्त्याला वेनव्ह जोडा. ज्या फाइलमध्ये लिहितोय तीच फाइल कुठे आहे हे शोधायला हा द्राविडी प्राणायाम! व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरच्या टास्कच्या फाइलीत नुसतं वर्कस्पेस-फोल्डर लिहिलं की भागतं.

बरं, इव्हॅल लिहिलं की इतका वेळ मुका असलेला हा प्राणी बोंबलायला लागतो. फाइल उघडली की खिडकी दुभंगते, व्हेरिएबल्सची यादी येते, संशयितांपुढे एक तारा, धोकादायकांपुढे दोन, आणि प्रश्न: वाय, एन की उद्गारचिन्ह? उद्गारचिन्ह दाबलं की ती किमतीची जोडी कायमची सुरक्षित म्हणून माझ्या इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये, नोंदली जाते. त्या नोंदींनी माझी इनिट फाइल तळाशी फुगून बसलीय. आणि त्या किमतीतलं एक अक्षर बदललं की पुन्हा नवा प्रश्न, पुन्हा नवी नोंद.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कुणाचाही रेपो, म्हणजे कोडचा साठा, क्लोन करून फाइल उघडली आणि आतला कोड चालला, असं होता कामा नये. २०१२मध्ये तसं भोक सापडलंही होतं: 'फक्त सुरक्षित तेवढंच लाव' असा पर्याय निवडलेला असतानासुद्धा इव्हॅल न विचारता चालत होतं. पण मी स्वतः लिहिलेल्या फाइलसाठी, माझ्याच फोल्डरात, मी हा फोल्डर विश्वासाचा आहे असं एकदाच सांगावं आणि विषय मिटावा, ही सोय यायला ३०वी आवृत्ती उजाडावी लागली. फेब्रुवारी २०२५! २००९पासून मोजा. इतकी वर्षं लोक वैतागून विचारणंच बंद करून टाकत आले, म्हणजे सुरक्षेच्या नावाने उभा केलेला प्रश्नच सुरक्षेच्या मुळावर आला.

बाकी गोष्टी तर विचारूच नका. मोडच्या हुकमध्ये, म्हणजे मोड सुरू होताना चालणाऱ्या माझ्या कोडमध्ये, डिर-लोकल्सची किंमत वाचायला जावं तर ती तिथे नसतेच, कारण हुक आधी चालतो आणि या किमती नंतर लागतात. त्यासाठी वेगळा हॅक-लोकल-व्हेरिएबल्स-हुक आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. फाइल बदलली तर आधीच उघडलेल्या फायलींच्या बफरांना पत्ता नाही. ट्रॅम्प या ईमॅक्सच्या सोयीवरून सर्व्हरवरची फाइल उघडली तर डिर-लोकल्स मुळात वाचलीच जात नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. आणि मोठ्या रेपोच्या मुळाशी एक फाइल असताना आतल्या एखाद्या फोल्डरात तुम्ही दुसरी छोटीशी ठेवली, तर आतली जिंकते आणि बाहेरची सगळीच्या सगळी सोडून दिली जाते. दोन्ही एकत्र होत नाहीत. एडिटरकॉन्फिग, म्हणजे अनेक एडिटरांना चालणारी सेटिंगची पद्धत, हे वर्षानुवर्षं व्यवस्थित करतंय: वरच्या फायली वाचत जातो, रूट (म्हणजे 'हेच मूळ') लिहिलेली दिसली की थांबतो, आणि जवळच्या फाइलीला मान देतो. तेवढं जमवायला काय अडलंय?

व्हेरिएबलची माहिती दाखवणारं कंट्रोल-एच व्ही दाबा म्हणतात सगळे. दाबलं की. लागलेली किंमत कुठल्या डिर-लोकल्समधून आली ते तिथे छान लिहून येतं. पण मला न लागलेल्या किमतीचं हवंय! एक कमांड द्या, जी या बफरसाठी कोणती फाइल वाचली, वरची कोणती सोडली, कुठली नोंद मोड न जुळल्यामुळे गळली आणि कुठली मी एन म्हटल्यामुळे, हे ओळीने लिहून दाखवेल. ही सगळी माहिती फाइल उघडतानाच ईमॅक्सच्या हातात असते.