'पाण्यात टाका, तासाभरात मासे': किलीफिशबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या दोन वर्षांत एक मजकूर माझ्या फोनवर सहा-सात वेळा तरी येऊन गेला. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि परवा मामेबहिणीने तो पाठवून विचारलं, "दादा, मुलांसाठी मागवू का?" वर निळ्या अंगाच्या, लालभडक शेपटीच्या माशाचा सुरेख फोटो आणि खाली साधारण असं: "आफ्रिकेतला चमत्कार, किलीफिश! अंडी पाण्यात टाका, तासाभरात पिल्लं. अंडी वर्षानुवर्षं कोरडी राहिली तरी खराब होत नाहीत. डबक्यातला मासा, फिल्टर नको, पाणी बदलायला नको. कुठलंही खाणं चालतं. तीन महिन्यांत मरतो, पण तोवर पुन्हा अंडी देतो. वेगवेगळ्या रंगांचे एकत्र ठेवा, नवे रंग मिळतील. जास्त झाले तर गटारात सोडा, डास संपतील." शेवटी पाकिटाचा भाव.

बहिणीला फोनवर जे अर्धा तास सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो. मी अकरा वर्षं किली पाळतोय. ठाण्यातल्या घरात एका लोखंडी रॅकवर चौदा लहान टाक्या आहेत. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीतून उचललेलं आहे, त्यामुळे ते चटकन पटतं. म्हणून नुसतं 'खोटं आहे' म्हणून भागणार नाही.

"तीन महिन्यांत मरतो" यापासून सुरुवात करू. किली हा एक मासा नाही. आफ्रिका, दोन्ही अमेरिका, दक्षिण युरोप आणि आशियात मिळून त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत, आणि आटणाऱ्या तळ्यांत राहतात त्या त्यांतल्या काहीच. नायजेरिया-कॅमेरूनकडच्या ओढ्यांतला गार्डनेरी घ्या. माझ्याकडची एक जोडी तीन वर्षं जगली. त्याच्या अंड्यांना वाळवण लागतच नाही. गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचा झुपका करायचा, उकळून त्याचा सुटणारा रंग काढायचा आणि बुचाला बांधून टाकीत तरंगत सोडायचा. या झुपक्याला आम्ही मॉप म्हणतो. मादी धाग्यांत अंडी लावते, आपण ती बोटांनी वेचायची. कवच इतकं टणक असतं की चिमटीत धरलं तरी फुटत नाही. वाटीभर पाण्यात ठेवायची, पांढरी पडलेली रोज काढून टाकायची, की दोन-तीन आठवड्यांत पिल्लं निघतात.

मग तीन महिने आले कुठून? झिंबाब्वेच्या गोनारेझू राष्ट्रीय उद्यानाच्या भागातून आलेल्या नोथोब्रँकियस फुर्झेरी या माशाच्या एका प्रयोगशाळेतल्या वंशातून. हा वंश खरोखरच काही महिन्यांत म्हातारा होतो. पाठ वाकते, रंग उतरतो. म्हणूनच जर्मनीत येना आणि कोलोन इथल्या वार्धक्य-संशोधन संस्थांनी तो अभ्यासाला घेतला. पण याच जातीचे मोझांबिकमधून आणलेले वंश त्याहून बरेच जास्त जगतात. आणि मजकुरातला फोटो फुर्झेरीचा नाहीच. तो झांझिबारच्या गुंथेरीचा आहे, आणि गुंथेरी घरच्या टाकीत सहज वर्षभर राहतो. फोटो एका माशाचा, आयुष्य दुसऱ्याचं, आणि नाव सगळ्या किलींचं.

आता मूळ दावा: "पाण्यात टाका, तासाभरात पिल्लं." सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. तासा-दोन तासांत पिल्लं बाहेर येताना मी स्वतः पाहिली आहेत. पण तो शेवटचा तास असतो, त्याच्या आधी महिने गेलेले असतात.

फुर्झेरी आणि गुंथेरी ज्या गटातले, ते नोथोब्रँकियस (आम्ही त्यांना नोथो म्हणतो) राहतात ती पूर्व आफ्रिकेतली तळी पावसात भरतात आणि उन्हात आटतात. बहुतेक तळ्यांच्या बुडाशी फुगणारी काळी चिकणमाती असते. ओली झाली की फुगून पाणी धरते, वाळली की भेगाळते. आपल्या मराठवाडा-विदर्भातली कापसाची काळी माती याच गटातली, व्हर्टिसॉल. वैशाखात पाय अडकेल एवढी भेग ज्याने शेतात पाहिली आहे, त्याला ते तळं डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. मोठे मासे मरतात, अंडी त्या मातीत राहतात.

मात्र ती नुसती झोपून राहत नाहीत. त्यांच्यातला गर्भ वाढत असतो, आणि वाढताना तो तीन ठिकाणी थांबू शकतो. हे तीन थांबे वूर्म्स या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडले. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, अंगाचा आकारही यायच्या आधी. दुसरा, कणा आखला गेला आणि हृदय तयार झालं त्यानंतर. तिसरा, पिल्लू पूर्ण होऊन फक्त पाण्याची वाट पाहत असताना. सगळी अंडी एकाच वेळी थांबत नाहीत की एकाच वेळी पुढे सरकत नाहीत. यामागचं कारण आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मृगाचा पहिला पाऊस पडतो, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. सगळी अंडी पहिल्याच सरीला फुटली आणि तळं आठवड्यात पुन्हा आटलं, तर त्या तळ्यातला वंशच संपेल.

मागच्या ऑक्टोबरात मी गुंथेरीच्या अंड्यांची एक पिशवी उघडली. ती ज्यात ठेवली होती ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, स्टीलच्या ताटलीत पसरलं, बाजूने टॉर्च मारला आणि दहापट भिंग लावलं. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी. पहिलं सापडलं ते काचेसारखं स्वच्छ, आत तेलाचे बारीक थेंब, बाकी काही नाही. शेजारच्या अंड्यात धाग्यासारखी एक वळलेली रेघ होती. तिसऱ्यात पिल्लू वेटोळं करून बसलेलं, दोन काळेभोर डोळे, भोवती सोनेरी कड. मी बघत असतानाच त्यातला एक डोळा फिरला. तिन्ही अंडी एकाच मादीची, एकाच आठवड्यातली. ती पिशवी त्या दिवशी पाण्यात टाकली असती तर तिसरं फुटलं असतं, पहिली दोन तशीच पडून राहिली असती, आणि पाकीट विकत घेणाऱ्याने 'अंडी खराब निघाली' म्हणून सगळं ओतून दिलं असतं.

घरी हे असं चालतं. टाकीत एका डब्यात धुतलेलं, उकळलेलं कोकोपीट ठेवायचं. नर मादीला त्यावर आणतो, पाठीवरचा पर तिच्यावर झाकतो, दोघं थरथरतात आणि एक अंडं आत जातं. एका वेळी एकच. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पीट जाळीत काढून पिळायचं आणि वर्तमानपत्रावर थोडं सुकवायचं. मुठीत दाबलं तर थेंब पडू नये, पण तळहाताला दमट लागावं. मग पिशवीत भरायचं, वर जात, ठिकाण आणि तारीख लिहायची. २४-२५ अंशांना गुंथेरीला साधारण तीन महिने लागतात, मोझांबिकमधल्या बैरा शहराकडच्या रॅकोवी या दुसऱ्या नोथोला त्याच्या दुप्पट. डोळे दिसू लागले की १८ ते २० अंशांच्या गार पाण्यात भिजवायचं. मी पाणी आधी फ्रिजमध्ये ठेवतो. घाईने भिजवलं तर काही पिल्लं पोटावर सरपटत राहतात, त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरतच नाही, आणि ती पुढे जगत नाहीत. भिजवलेलं पीट फेकायचं नाही. पुन्हा सुकवून महिन्याभराने भिजवलं की आणखी पिल्लं निघतात.

यातच "वर्षानुवर्षं कोरडी" याचंही उत्तर आलं. काही अंडी निसर्गात एक हंगाम सोडून पुढच्या हंगामापर्यंत टिकतात, एवढं खरं. पण टिकतात ती मातीतल्या ओलीवर. पाकिटात खडखडीत वाळलेलं अंडं चेपलेल्या फुग्यासारखं आत बसतं आणि मग कितीही भिजवलं तरी उठत नाही. आपल्याकडे मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली पिशवी तर हमखास जाते. शेतातली काळी माती आणून वापरायची कल्पनाही काहींना सुचते. ती वापरू नका. तिच्यात युरिया आणि कीटकनाशकं असतात.

"फिल्टर नको, पाणी बदलायला नको." तळं उथळ असलं तरी त्यात आपल्या टाकीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त पाणी असतं. आणि हा मासा वाढतो झपाट्याने. मोझांबिकमधल्या तळ्यांत फुर्झेरी अंड्यातून निघाल्यावर अवघ्या १४ दिवसांत प्रजननक्षम होतो, हे चेक संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. एवढं वाढायचं तर खाणं तसंच, आणि घाणही तशीच. दहा लिटरच्या टाकीत मी हळू चालणारा स्पंज फिल्टर लावतो आणि आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलतो. नोथोंना व्हेल्वेट हा रोग फार लवकर धरतो. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. तो टाळायला लिटरमागे साधारण एक ग्रॅम जाडं मीठ मी कायम ठेवतो. आणि झाकण हवंच, किली फटीतूनही उडी मारतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिल्लांना पावडर चालत नाही, हलणारं खाणं लागतं. गुंथेरीची पिल्लं पहिल्या दिवसापासून ताजं निघालेलं ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) घेतात. रॅकोवीची इतकी बारीक असतात की त्यांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, द्यावा लागतो. मोठ्यांना डासांच्या अळ्या, फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). कोरड्या दाण्यांकडे बरेचसे बघतही नाहीत.

"वेगवेगळ्या रंगांचे एकत्र ठेवा, नवे रंग मिळतील." हे वाचलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे मी केलेलं आहे. तिसऱ्या वर्षी टाक्या कमी पडल्या म्हणून दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले गार्डनेरी मी एका टाकीत घातले. नर ओळखू येत होते, माद्या नाही. चार महिन्यांनी माझ्याकडे साठ पिल्लं होती आणि एकाही पिल्लाचं नाव मी सांगू शकत नव्हतो. दोन्ही वंश माझ्या घरात तिथेच संपले. नोथोंच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा, कारण वेगवेगळ्या जातींच्या माद्याही सारख्याच करड्या दिसतात. कित्येक जाती एखाद-दोन तळ्यांपुरत्याच माहीत आहेत. त्या तळ्यावर रस्ता आला, भातशेती आली, की ती जात फक्त कुणाच्या तरी रॅकवर उरते. म्हणूनच जगभरचे किलीवाले माशाच्या नावापुढे गावाचं नाव, पकडल्याचं साल, मोहिमेचा क्रमांक लिहितात. पिशवीवरची ती चिठ्ठी हरवली तर मासा जिवंत असूनही हरवलेलाच असतो. आणि संकरातून 'नवे रंग' मिळतात म्हणावं, तर ती पिल्लं अनेकदा वांझ निघतात.

मजकुराच्या एका आवृत्तीत "नावातच किल आहे, दुसऱ्या माशांना मारतो" असंही होतं. किल हा डच शब्द आहे, अर्थ लहान ओढा. एवढंच.

"गटारात सोडा, डास संपतील" हे मात्र थांबवायलाच हवं. डासांसाठी बाहेरचा मासा सोडण्याचा प्रयोग आपण करून बसलो आहोत. गॅम्बुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला, आणि आज तो देशी लहान माशांची अंडी-पिल्लं फस्त करत ठिकठिकाणी पसरलेला आहे. खेदाची गोष्ट ही, की डास खाणारा किली आपल्याकडे मुळातच आहे. कोकणातल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत पाण्याच्या अगदी वरच्या थरात एक मासा स्थिर उभा असतो. वरून पाहिलं तर डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो. तो ॲप्लोकाइलस, आपला स्वतःचा किली. त्याच्याच कुळातला छोटा ब्लॉकी गोव्यात १९९०च्या दशकात मलेरियाच्या डासांविरुद्ध बीटीआय या जैविक अळीनाशकासोबत वापरून पाहिला गेला. आफ्रिकेतून पाकीट मागवून गटारात ओतायची काय गरज आहे? ज्याला किलीपासून सुरुवात करायची आहे त्यानेही पट्टेरी ॲप्लोकाइलस आधी पाळावा. मॉपवर अंडी देतो, पंधरवड्यात पिल्लं निघतात, आणि आपल्या हवामानात रमतो. फक्त लहान मासे त्याच्यासोबत ठेवू नयेत, तोंडात मावतील ते खाऊन टाकतो.

बहिणीने माझ्याशी बोलायच्या आधीच पाकीट मागवलं होतं. तुमच्याकडेही येऊन पडलं असेल तर ते लगेच पाण्यात टाकू नका. जात आणि ठिकाण लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला विचारा, सांगता आलं नाही तर तेही पिशवीवर लिहून ठेवा. पाकिटातली माती किंवा पीट पांढऱ्या ताटलीत पसरा, टॉर्च आणि भिंग घ्या, अंडी मोजा. एकही सापडलं नाही, तर पैसे परत मागा. सापडली पण स्वच्छ काचेसारखी दिसली, तर ओल तपासून पिशवी पुन्हा बंद करा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. सोनेरी कडेचे डोळे दिसायला लागले की त्या रात्री मिठाच्या पाण्यात ब्राइन श्रिम्पची अंडी लावा, ती निघायला एक-दीड दिवस लागतो. माती दुसऱ्या दिवशी भिजवा.