भावजी, महिला आयोग कोणाला अटक करत नाही हो

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नाव 'चवथ', म्हणजे आमची गणेशचतुर्थी. काढला होता मूर्तीची वर्गणी आणि माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीला, कोण काय आणणार ते ठरवायला, आता बाराही महिने त्यावर सुप्रभात, हळदीचे फायदे आणि देश कसा बुडतोय असलं सगळं चालू असतं. मी तो म्यूट करून ठेवलाय. गेल्या आठवड्यात चुलत बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, तिथे एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, 'महिला आयोगाचं खरं रूप, प्रत्येक गोंयकाराने वाचाच'. मी उघडलाही नसता. पण रात्री साडेनऊला डिचोलीहून आत्याचा फोन, आवाज एकदम बारीक, "गो, हें खरें? जांवयाक धरून व्हरतले?" जावयाला धरून नेतील का म्हणे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझी आतेबहीण तीन महिने माहेरी आहे. का आहे ते इथे लिहीत नाही, पण हाताला प्लास्टर होतं एवढं पुरे. आत्याने मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी केली होती की पणजीला जायचं, महिला आयोगात अर्ज द्यायचा, निदान कोणीतरी त्या लोकांना समोर बसवून विचारेल. कागद जमवले होते. आणि हा फॉरवर्ड वाचून तिने ते परत कपाटात ठेवले.

तर फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात. आयोगात बाईने नुसती तक्रार टाकली की २४ तासांत नवऱ्याला अटक होते आणि जामीन मिळत नाही. आयोगावर बसलेल्या बायका म्हणजे पुढाऱ्यांच्या शोभेच्या बाहुल्या. गोव्यात समान नागरी कायद्याने बायकोला अर्धी इस्टेट आपोआप मिळते त्यामुळे इथे आयोगाची गरजच नाही. पुरुषांसाठी आयोग का नाही. आणि शेवटी, गोव्यातल्या बायकांनी आजवर कसलं नेतृत्व केलंय ते दाखवा. खाली तीन लाल उद्गारचिन्हं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, अर्थात.

आधी अटकेचं, कारण आत्याची झोप त्याने उडवली.

भावजी, मी राष्ट्रीय महिला आयोगाचा १९९० चा कायदा वाचला. तुम्हीही वाचा, फार मोठा नाहीये. त्यातलं कलम १० बघा, आयोगाने काय करायचं त्याची सगळी यादी तिथे आहे. तक्रारींची दखल घ्यायची, स्वतःहूनही घेता येते, कायद्यातल्या त्रुटी सरकारला दाखवायच्या, तुरुंग आणि महिलांच्या संस्था तपासायच्या, शिफारशी करायच्या. चौकशी करताना आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. दिवाणी! म्हणजे माणसाला समन्स पाठवून बोलवायचं, कागदपत्रं मागवायची, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घ्यायचा, सरकारी ऑफिसातलं रेकॉर्ड मागवायचं. संपलं. अख्ख्या कायद्यात आयोगाला अटकेचा अधिकार देणारी एक ओळ नाही. गोव्याचा राज्य आयोग वेगळ्या कायद्याखाली आहे, १९९६ च्या, पण तिथल्या मॅडम पण कोणाला बेड्या घालत नाहीत, त्यांच्याकडे बेड्याच नाहीत. आत्याच्या जावयाला जास्तीत जास्त काय येईल, तर एक पत्र, की अमुक तारखेला अमुक वाजता हजर राहा. तो येईल, खुर्चीवर बसेल, त्याचंही ऐकून घेतील.

अटक पोलीस करतात, आणि पोलिसांनाही आता वाटेल तेव्हा करता येत नाही. बायकोच्या छळाचं जे कलम आहे, पूर्वीचं ४९८-अ, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ८५, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्या, बोलवा, आणि अटक करायचीच असेल तर का ते लिहून द्या. या निकालाला दहा वर्षं उलटून गेली तरी फॉरवर्डवाल्यांचं घड्याळ तिथेच अडकलंय. जामिनाचं अर्धसत्य आहे, मान्य. गुन्हा अजामीनपात्र आहे. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, पोलीस स्टेशनवर हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढंच. रोज मिळतात हो असे जामीन.

म्हणजे खरी तक्रार उलटी असायला हवी. आयोगाला नखंच नाहीत, शिफारस करतात आणि पुढे फाइल सरकारच्या टेबलावर पडून राहते, तारखांवर तारखा पडतात, कधीकधी समुपदेशनाच्या नावाखाली बाईलाच 'जरा सांभाळून घे' ऐकावं लागतं. ही टीका करा ना, मी तुमच्या बाजूने बोलेन. पण नखं नसलेल्या मांजराला वाघ म्हणून दाखवायचं आणि कोणाला, तर जिच्या मुलीचा हात मोडलाय तिला? त्या आयोगाच्या दारात बाई बहुतेक वेळा जाते तीच मुळी पोलीस केस नको म्हणून, घर मोडू नये म्हणून. तिलाच तुम्ही सांगताय की गेलीस तर घर मोडेल.

आता अर्ध्या इस्टेटीचं. हे वाचून मी खरंच हसले, आणि मग हसू गेलं, कारण उदाहरण घरातलंच आहे.

कायदा खरा आहे, त्यात वाद नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, १९१० चे विवाहाचे कायदे, मुक्तीनंतरही चालू राहिले, वारसाहक्काचा भाग २०१२ च्या आपल्या कायद्यात आला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता सामायिक, अर्धी अर्धी. मुलगा-मुलगी वारसाला समान. आईबापाला मृत्युपत्र करून अर्ध्याहून जास्त इस्टेट मुलांपासून काढून घेता येत नाही. बायकोच्या सहीशिवाय नवरा घर-जमीन विकू शकत नाही. बाहेरच्या राज्यातल्या मैत्रिणींना सांगितलं की त्या डोळे मोठे करतात.

पण 'आपोआप'? हा शब्द ज्याने लिहिला तो कधी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलेला नाही. सामायिक मालमत्तेचा कारभार त्या जुन्या कायद्याने नवऱ्याकडे दिलाय. बायकोचा अर्धा हातात येतो तो वाटणी होते तेव्हा, म्हणजे घटस्फोट, कोर्टातून विभक्त होणं किंवा मरण. आज रात्री नवऱ्याने दाराबाहेर काढलं तर उद्या सकाळी कोणी तुमच्या हातात अर्ध्या घराची चावी देत नाही. त्याला उपयोगी पडतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. हे त्या बाईला कोण सांगणार? भावजींचा ग्रुप? (आणि तो 'समान' कायदा एवढा समान की १८८० च्या एका हुकुमात हिंदू पुरुषाला मुलगा नसेल तर काही अटींवर दुसऱ्या बायकोची सोय लिहून ठेवली होती. वापरात नाही म्हणतात. लिहिलेली होती ना पण.)

आणि माहेरचा समान हिस्सा. २००९ साली आजी वारली. वर्षश्राद्ध झाल्यावर भावांनी ठरवलं की कागद सरळ करून घेऊया. गोव्यात बहिणीने हक्क सोडायचा तर तिच्या नवऱ्याचीही सही लागते, कारण तिचं जे ते दोघांचं, त्यामुळे आत्या आणि तिचे यजमान दोघंही सकाळच्या बसने आले, त्यांचा कामाचा दिवस बुडाला. मी कॉलेजला होते, मीच सोबत गेले होते. लाकडी बाक, वर पंखा कुरकुरत होता. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत होती, प्रत्येक पानावर, आणि दर पानाला मान वर करून विचारत होती, "हांगा?" तो कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही. समोर वाचल्यासारखं केलं, भराभर, इंग्लिशमध्ये. बाहेर येऊन सगळ्यांनी भाजीपाव खाल्ला. तिला एक साडी दिली, मोरपिशी. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, आता तीन भावांची नावं आहेत. त्यातलं एक माझ्या बाबांचं.

जबरदस्ती झाली का? नाही. कोणी आवाजही चढवला नाही. "भावांशी संबंध राहतील" एवढंच बोललं गेलं. कायदा पुस्तकात तसाच होता, एक अक्षर न बदलता, आणि आत्या साडी घेऊन घरी गेली. म्हणून कोणी म्हणालं ना की गोव्यातल्या बाईला सगळं आपोआप मिळतं, की मला ती मोरपिशी साडी दिसते.

बाहुल्यांचा मुद्दा. इथे मी जरा ओशाळून मान्य करते की नेमणुका सरकार करतं आणि पक्षाच्या जवळच्यांची वर्णी लागते, हे सगळ्या राज्यांत होतं आणि सगळ्या पक्षांचं होतं. सरकार बदललं की खुर्चीवरची व्यक्ती बदलते. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातच आहे की अध्यक्ष आणि पाच सदस्य केंद्र सरकार नेमणार, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. पण त्याच कायद्यात हेही आहे की माणसं कायदा, कामगार चळवळ, महिला संघटना, आरोग्य, शिक्षण, समाजकार्य अशा क्षेत्रांतला अनुभव असलेली हवीत, आणि निदान एकेक सदस्य अनुसूचित जाती आणि जमातीतली. तेव्हा प्रश्न असा विचारा की यंदा नेमलेल्यांत किती जणी या कसोटीला उतरतात, नावानिशी विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाका. महामंडळांवर पुरुषांची सोय लावतात तेव्हा बाहुला म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. शिवाय यातल्या काही बायका रोज सकाळी समोर बसलेल्या रडणाऱ्या बाईचं ऐकतात, सासूचं ऐकतात, नवऱ्याचं ऐकतात, ज्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. मला ते दोन दिवस जमणार नाही.

पुरुष आयोग का नाही? मानवाधिकार आयोग आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे, आणि विधानसभा तर आहेच. २०२२ ला ४० आमदारांत बायका निवडून आल्या तीन. ३७ जणांना अजून एक आयोग हवा असेल तर ठराव मांडायला कोण अडवतंय.

शेवटचा मुद्दा, गोव्यातल्या बायकांचं नेतृत्व. हा पेडणे, डिचोली, फोंड्याच्या माणसांनी फॉरवर्ड करावा याचं मला जास्त वाईट वाटलं. शशिकलाताई काकोडकर १९७३ ला वडील भाऊसाहेब बांदोडकरांनंतर मुख्यमंत्री झाल्या तेव्हा अख्ख्या देशात त्यांच्याआधी दोनच बायका मुख्यमंत्री झाल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी. महाराष्ट्राला अजून एक जमलेली नाही. बापाच्या नावावर आल्या म्हणाल, ठीक आहे, आल्या. पण १९७९ पर्यंत खुर्ची सांभाळली, १९७५ चा मुंडकार कायदा, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याला उठवता येऊ नये म्हणून केलेला, आणि १९७६ ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती त्यांच्याच काळातली. भावजी, तुमचं घर ज्या जागेवर आहे ती भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची होती. तुमच्या वडिलांना तिथून कोणी उठवू शकलं नाही ते कोणाच्या कायद्याने, विचारा घरी.

त्याआधी मुक्तीलढ्यात सुधाताई जोशी १९५५ ला म्हापशात सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या, आणि लिबिया लोबो सरदेसाई यांनी १९५५ ते ६१ जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. पुढे बायलांचो सादसारख्या संघटनांच्या बायका स्टेशनांवर, कोर्टांत, मोर्च्यांत किती वर्षं फिरल्या. पंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो हेही मी बघितलंय, लपवत नाही. सगळीकडे बसत नाही पण.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, तुकडे तुकडे करून, टाइप करताना बोटं दुखली. भावजींनी अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासाने गुळवेलीचा काढा पाठवला.

आत्याला मात्र फोनवर सावकाश सांगितलं. तिने तीनदा विचारलं, "धरून व्हरचे ना मगो?" मी तीनदा नाही म्हटलं. मग हेही सांगितलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्याने, उत्पन्नाची अटच नाही, आणि रात्री-बेरात्री काही झालं तर १८१ फिरवायचा. कपाटातले कागद परत काढले. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, हॉस्पिटलचा पेपर, एक्स-रे, दोघांचं आधार, आणि काय काय झालं ते तारखांसकट दोन पानांवर, ते आतेबहिणीने स्वतः लिहिलंय, मराठीत. यावेळी प्रत्येक पान वाचून मगच सही करायची असं आत्यानेच तिला बजावलं.

सोमवारी सकाळच्या बसने पणजीला जातोय. बाबा म्हणाले मी पण येतो, गाडी काढतो. आत्या म्हणाली, "तूं नाका."