'चाळणी' हा शब्द मागे घेतो, पण छिद्राचं माप नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, निवडून पलीकडे जाऊ देणाऱ्या सूक्ष्मछिद्री पॉलिमरच्या पडद्याला मी 'चाळणी' म्हटलं होतं. तुमचा आक्षेप असा, की लिथियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही पडद्यातून जाताना मागे पडतो, म्हणजे छिद्राच्या मापाचा इथे संबंधच नाही. आक्षेप रास्त आहे. चाळणी म्हटलं की कोरडे दाणे डोळ्यांपुढे येतात आणि पाण्यातला आयन कधीच कोरडा नसतो. तो शब्द मागे घेतो. तुमचा निष्कर्ष मात्र पटत नाही.

लिथियम उघड्या पाण्यातही मागेच असतो. 25 अंश सेल्सिअसला, अतिविरल द्रावणात त्याची मोलर वाहकता, म्हणजे आयन पाण्यातून किती सहज सरकतो याचं माप, 38.7, सोडियमची 50.1 आणि पोटॅशियमची 73.5 सीमेन्स-चौरस सेंटिमीटर प्रति मोल. आयन लहान, तितकी त्याची पाण्यावरची पकड घट्ट. नॅनोमीटरहून अरुंद छिद्रात शिरताना पकडलेल्या पाण्याचे काही रेणू सोडावे लागतात, आणि ते सोडणं लिथियमलाच सगळ्यात जड जातं. तेव्हा माप बघायचंच, पण ओल्या आयनाचं.

नुसतं माप पुरत नाही, हे दाखवायला तुमच्या उदाहरणापेक्षा भक्कम पुरावा पिम-ईए-टीबी या पॉलिमरमध्ये आहे. त्याच्या साखळ्या ताठ आणि वाकड्या, त्यामुळे एकमेकींत नीट बसतच नाहीत. राहिलेल्या फटी हीच छिद्रं. साखळीतल्या नायट्रोजनवर साधारण पीएच 4 च्या खाली प्रोटॉन बसतो, भिंती धनभारित होतात आणि पडदा ऋण आयनांना वाट देऊन धन आयनांना अडवू लागतो. पडदा तोच, बदललं फक्त आम्ल. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याला सुमारे 20 मायक्रोमीटरचं भोक पाडून या पॉलिमरचा थर एकाच बाजूला दिला, की आम्लात तो आयनांचा डायोड होतो: व्होल्टेज एका दिशेने दिलं की प्रवाह वाहतो, उलटवलं की जवळपास थांबतो. हे मला आजही विलक्षण वाटतं.

तुमच्या मोजणीत 1 मोलर (लिटरला एक मोल) मिठाला पडद्याची आयन निवडण्याची क्षमता ढासळली, त्याचंही कारण इथेच आहे. बाहेरच्या मिठाची संहती भिंतींवरच्या स्थिर भाराच्या संहतीजवळ पोचली, की भिंतींसारखाच भार असलेल्या आयनांना अडवण्याची ताकद ओसरते आणि सगळेच आयन आत येतात. एकदा 0.01 मोलरला मोजून बघा, आणि आकडे इथेच लिहा.