सुरुवात कापलेली नाही: तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

शनिवारच्या खेळाला एसी मध्येच बंद पडला, कॉफीही गार मिळाली, त्याबद्दल माफी मागतो. एसीवाल्याला बोलावलं आहे.

पण तुम्ही लिहिलंय की आम्ही ‘सिनेमाची सुरुवात कापून दाखवतो, म्हणून शेवट डोक्यावरून जातो’. हे मात्र जिव्हारी लागलं. १९७४ चा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ आम्ही रीतसर हक्क घेऊन, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या नावापर्यंत अख्खा दाखवतो. दोन तासांहून जास्तच आहे. त्यातली दहा मिनिटं कापून मला काय मिळणार? हक्काचे पैसे काही मिनिटावर लागत नाहीत.

खेळ सातचा होता आणि सातलाच सुरू झाला. तुम्ही काउंटरवर आलात सात वाजून आठ मिनिटांनी, कॅमेऱ्यात आहे. त्यावर तुम्हाला साबुदाणावडे हवे होते, तेही गरम. घाणा उतरेपर्यंत तुम्ही बाहेर उभे. आत गेलात तेव्हा पडद्यावर इस्तंबूलचं स्टेशन आलं होतं, गाडीत चढवायचा भाजीपाला आचारी तपासून घेत होता. त्याआधी जे होऊन गेलं ते १९३० सालचं: लाँग आयलंडवर आर्मस्ट्राँग कुटुंबातल्या लहानग्या मुलीचं अपहरण. संवाद जवळजवळ नाहीत, वर्तमानपत्रांचे मथळे एकामागून एक येतात आणि कथा पाच वर्षं पुढे जाते. सगळी मेख तिथेच आहे. पुढे गाडी बर्फात अडकल्यावर गुप्तहेर प्वारो जळक्या कागदाचा कपटा पुन्हा तापवून त्यावरची अर्धवट अक्षरं वाचतो. ते मथळे पाहिलेल्याला ते आर्मस्ट्राँग हे नाव आहे हे तिथल्या तिथे कळतं. न पाहिलेला शेजाऱ्याला विचारत बसतो. तुमच्या शेजारच्या काकूंनी तशी तक्रारही केली, मी तेव्हा काही बोललो नाही.

‘नुसत्या चौकश्या, कंटाळा’ हेही वाचलं. आवड आपापली. पण इन्ग्रिड बर्गमन या नटीची चौकशी सलग एका शॉटमध्ये आहे, या छोट्या भूमिकेला ऑस्कर मिळालं, आणि नेमका त्याच वेळी तुमचा फोन वाजला. उचललातही. बोलायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

अडीचशे रुपये जास्त वाटले असतील. हक्क, वीज, भाडं वजा जाता त्यात काय उरतं ते इथे मांडत नाही.

एक विनंती मात्र हात जोडून. रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही खून कुणी केला ते सरळ लिहून टाकलंत. रविवारच्या दोन ग्रुपनी बुकिंग रद्द केलं, ‘आता बघायचं काय’ म्हणाले. सिनेमाची मूळ कादंबरी १९३४ ची आहे, पुष्कळांना उत्तर ठाऊक असतं, मान्य. पण आमच्याकडे कॉलेजची पोरं पहिल्यांदा बघायला येतात. स्टार एकच राहू द्या, ती ओळ तेवढी काढा. चाळीस खुर्च्यांचा हॉल आहे आमचा, दहा रिकाम्या राहिल्या तरी महिना जड जातो.

उशिरा येणाऱ्यांसाठी काहीतरी व्यवस्था करायचं डोक्यात आहे, खुर्च्यांच्या गाद्यांचंही बघतो. आणि तुम्हाला ती पहिली पंधरा मिनिटं पाहायची असतील तर या, तिकीट लागणार नाही. फक्त फोन करून या. वडे मध्यंतरात मिळतील.

आपला,
हॉलचा मालक