सोडियम कमी म्हणजे मीठ कमी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढ्या नेटाने लेख वाचून आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पेप्टाइड संप्रेरकं (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची) शरीरातलं पाणी कसं सांभाळतात हे लेखात सांगताना मी सगळं श्रेय पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनला दिलं आणि मीठ धरून ठेवणारं अ‍ॅल्डोस्टेरॉन एका ओळीत उरकलं. रक्तातलं सोडियम अ‍ॅल्डोस्टेरॉनच ठरवतं, त्यामुळे ते घसरलं की मीठ वाढवावं. वडिलांचं सोडियम १२६ आलं असताना डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं, हा उलटा उपाय झाला, असं तुमचं म्हणणं.

अ‍ॅल्डोस्टेरॉन एका ओळीत उरकलं, कारण ते पेप्टाइड नाहीच, स्टेरॉइड आहे. पण तेवढं सांगून मोकळं होणं म्हणजे पळवाट झाली. खरं पाणी मुरतंय ते तुमच्या पुढच्या वाक्यात.

रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे हे सांगत नाही. एका लिटरमागे ते किती आहे, एवढंच सांगतो. म्हणजे तो अपूर्णांक आहे, आणि छेदात पाणी आहे. हा छेद प्रामुख्याने व्हॅसोप्रेसिनच्या ताब्यात असतो.

अ‍ॅल्डोस्टेरॉन हा आकडा ठरवत असतं, तर ज्यांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतली गाठ ते भरमसाठ तयार करते त्यांचं सोडियम कुठल्या कुठे जायला हवं. तसं होत नाही. रक्तदाब चढतो, पोटॅशियम बरेचदा घसरतं, सोडियम मात्र नॉर्मलच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्या किंचित पुढे रेंगाळतं. मीठ अडलं की रक्ताची तीव्रता वाढते. एक-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशी हेरतात, व्हॅसोप्रेसिन सुटतं, तहान लागते आणि मिठामागोमाग पाणीही येऊन बसतं. वाढतं ते द्रवाचं आकारमान. तेही बेसुमार वाढत नाही, कारण ताणलेल्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून एएनपी नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावतं. हे मात्र अस्सल पेप्टाइड, २८ अमिनो आम्लांचं. हृदयाच्या या कप्प्यांचा अर्क टोचल्यावर उंदरांच्या लघवीतून मीठ आणि पाणी झपाट्याने बाहेर पडतं, हे अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये दाखवलं, तोवर हृदयाला कोणी ग्रंथी म्हणत नव्हतं.

आता व्हॅसोप्रेसिन. जेमतेम नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेतात. शेवटचा हिस्सा घ्यायचा की सोडायचा, हे मूत्रपिंडातल्या शेवटच्या, संग्राहक नलिकेत ठरतं. व्हॅसोप्रेसिन तिथल्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला बसतं. आत दडलेल्या इवल्या पिशव्या सरकत पलीकडच्या, नलिकेच्या बाजूच्या पडद्याला जाऊन मिळतात आणि त्यांतली अ‍ॅक्वापोरिन-२ ही पाण्याची दारं पडद्यात बसतात. संप्रेरक ओसरलं की दारं परत आत. यातून पाणी जातं. सोडियमला तिथून वाट नाही.

गरज नसताना हे संप्रेरक सुटतच राहिलं तर? १९५७ मध्ये श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे असे दोन रुग्ण नोंदवले. रक्तातलं सोडियम घसरलेलं, तरी लघवीतून मीठ चाललेलं. अशा रुग्णाला नेहमीचं एक लिटर सलाईन लावलं, तर त्यात ३०८ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) असतात. लघवी लिटरमागे ६१६ मिलिऑस्मोल इतक्या तीव्रतेवर अडकून बसली असेल तर ते सगळं मीठ अर्ध्या लिटरमध्ये बाहेर जातं. उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी शरीरात राहतं आणि सोडियम आणखी खाली येतं! मीठ देऊन सोडियम घसरलं. उलट टॉल्व्हाप्टन हे औषध व्हॅसोप्रेसिनला त्याच्या ग्राहीवर (पेशीवरच्या त्याच्या बसायच्या जागेवर) बसू देत नाही. फक्त पाणी बाहेर जातं आणि मिठाचा कणही न देता आकडा चढतो. आकडा कोणाच्या हातात आहे, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

एका जागी तुमचं बरोबर आहे. उलट्या-जुलाबांत किंवा अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यावर मीठ खरोखरच जातं, सोडियम घसरतं आणि तिथे मीठ आणि पाणी भरून काढणं हाच उपाय. पण तिथेही आकडा खाली ओढायला व्हॅसोप्रेसिनचा हात असतो. रक्ताचं आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास घटलं की ते तीव्रतेची पर्वा सोडतं आणि मिळेल ते पाणी धरून ठेवतं. आधी रक्ताभिसरण, मग बाकीचं.

त्यामुळे नुसत्या १२६ वरून मीठ वाढवावं की पाणी कमी करावं, हे ठरत नाही. पाय सुजलेत का, जीभ कोरडी आहे का, हेही बघावं लागतं. मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे डॉक्टर बरोबर की चूक हे इथून सांगणार नाही. पण त्यांना न विचारता मीठ वाढवू नका. लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे तीव्रता) आणि लघवीतलं सोडियम तपासलंय का, ते विचारा. रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर तेही आठवणीने सांगा; वयस्कर माणसांत सोडियम घसरण्याचं ते नेहमीचं कारण आहे.