निळा पडदा काही सुटेना!

विंडोज ११ वर डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चढवायचा, त्यात टर्बो सी प्लस प्लस हा निळ्या पडद्याचा जुना कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कोंबायचा आणि पोरांना सांगायचं, प्रोग्रामिंग शिका! अहो, त्या निळ्या पडद्यातला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोन बाइटचा, मजल ३२७६७ पर्यंतच. फॅक्टोरियलचं (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) प्रॅक्टिकल घ्या. ७ पर्यंत सगळं गोड; ८ टाकलं की ४०३२० ऐवजी थेट -२५२१६. पोरगं तासभर लूप (गुणाकार पुन्हा पुन्हा करणारा कोड) तपासत बसतं. लूपचा काय दोष? इंटच्या जागी लाँग (मोठा डबा) लिही, एवढंच सांगायचं असतं. पण जर्नलमध्ये ५ चं आउटपुट चिकटवलं, सही झाली, विषय संपला.

सी प्लस प्लसचं पहिलं मानक १९९८ चं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. म्हणून आयओस्ट्रीम या इनपुट-आउटपुटच्या फाइलच्या नावाला डॉट एचचं शेपूट, जे मानकात नाही. पोराची तीच प्रोग्रामची फाइल लिनक्सवर जीसीसी या आजच्या कंपायलरला दिली की कोनिओ डॉट एच (डॉसच्या काळची स्क्रीन-कीबोर्डची फाइल) सापडत नाही म्हणून आपटते. प्रोग्रामची सुरुवात व्हॉइड मेन अशी लिहिली तर सी प्लस प्लसमध्ये सरळ एरर.

सोलापूरला जुन्याचं वावडं नाही, चादरीवर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाची भोकाची कार्डं आपलीच. पण त्या कार्डांवर निदान चादर तरी निघायची!

जीसीसी फुकट आहे, उबुंटू या लिनक्सवर एका कमांडचं काम. पण मग जर्नलचं छापील पान बदलावं लागेल ना!